सर्वानुमते कपाटात

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. माझं कातडं बत्तीस तुकड्यांचं आहे आणि त्यातले पाच तुकडे आता उसवलेले आहेत. अंगावरची शिवण दाखवून कौतुक करून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. पण एक दिवस असा होता की अख्ख्या गावानं मला झेंडूचा हार घातला होता. त्या हारामुळे माझे नऊ महिने कुलपात गेले, आणि एका मुलीचेही जवळजवळ गेलेच. ती हकीकत मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म जालंधरचा. एका बाईनं घराच्या ओसरीत बसून मला हातानं शिवलं. ती दिवसभर चेंडू शिवायची, पण तिनं आयुष्यात एकाही चेंडूला लाथ मारली नसावी. तिथून पोत्यात कोंबून मला बारामतीला आणलं आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात जाळीत घालून दारावर टांगलं. तिथं मी तीन वर्षं लोंबकळत होतो. आपल्याकडे कुस्ती, कबड्डी, खो-खो चालतो, आणि पोरांना क्रिकेटचं वेड. फुटबॉल कोण घेणार? येणारंजाणारं पोर मला खालून एक टपली मारायचं आणि बॅट बघायला आत जायचं.

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये मला मिसाळ सरांनी विकत घेतलं. बुद्धघोष मिसाळ हे त्यांचं पूर्ण नाव. पुण्यात वसतिगृहात राहून शिकताना ते फुटबॉल खेळायला शिकले होते, आणि आता चिंचमळ्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून लागले होते. भवानीनगरहून निमगाव केतकीकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की चिंचमळा लागतो. चहूकडे ऊस आणि मध्ये शाळेचं मुरमाड मैदान.

सरांनी मला आधी मुलग्यांना दिलं. आठ दिवसांत त्यांनी मला परत केलं. हातानं शिवायचं नाही, मग तो खेळ कसला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग सरांनी मला मुलींकडे दिलं. तोवर खेळाच्या तासाला मुली लिंबाखाली बसून रुमालावर फुलं भरायच्या. त्यांच्याकडून मला काही आशा नव्हती, हे मी कबूल करतो.

त्यांच्यात आठवीतली नकोशी होती. जोतीराम आणि सारजा यांची ही चौथी मुलगी. तीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली म्हणून आईबापांनी तिचं नाव असं ठेवलं. तिच्या पहिल्याच लाथेला मी मैदान सोडून थेट उसात गेलो. पाचटानं हातपाय कापून घेत तिनं मला शोधून काढलं, फ्रॉकला पुसलं आणि सरांना विचारलं, पुन्हा मारू का? त्या दिवसापासून मी तिचा झालो.

बाकीच्या मुली माझ्यामागे धावायच्या. नकोशी मात्र मी जिथं येणार असेन तिथं आधीच जाऊन उभी असायची. अनवाणी डाव्या पायानं ती मला असं अलगद थांबवायची की मला लागायचंच नाही. तसा मी लाथा खाल्लेला चेंडू आहे, मऊ बोलायची मला सवय नाही, पण त्या पायाला मी कधी नावं ठेवली नाहीत.

खेळ संपला की मिसाळ सर मुलींना वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून दाखवायचे. आपल्या देशाच्या मुलींचा फुटबॉल संघ आहे, मध्ये कित्येक वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं, आता तो पुन्हा उभा राहतो आहे, आशियातल्या स्पर्धांना जातो आहे, असं ते सांगायचे. त्यात मणिपूरच्या मुली होत्या, बंगालच्या होत्या. मणिपूर कुठं आहे ते सर मुरमावर काडीनं काढून दाखवायचे. एकदा नकोशीनं विचारलं, "सर, ह्यात इंदापूर तालुक्यातली कोन हाय का?"

सर म्हणाले, अजून नाही. एवढंच बोलून त्यांनी कात्रणाची घडी केली. पण नकोशी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मला भिंतीवर मारत राहिली आणि माझी पाठ सोलून निघाली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत बारामतीला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा झाल्या. मुलींच्या फुटबॉलला एकूण चारच संघ आले होते, हे आमच्या गावात पुढे कोणी फारसं सांगत नाही. अंतिम सामन्यात समोर पुण्याच्या मुली होत्या, सगळ्यांच्या पायात बूट. पंचांनी आणलेला चेंडू पहिल्याच अर्ध्या तासात हवा जाऊन बसला म्हणून मला मैदानात घेतलं. सामना संपायला थोडा वेळ असताना नकोशीनं मला डाव्या पायानं जाळीत घातलं. एक शून्य. जाळीची मला दुकानापासून चीड होती, पण त्या जाळीत मी आनंदानं पडून राहिलो.

मग काय विचारता! गावानं ट्रॅक्टर सजवून आम्हाला वेशीवरून आणलं. मुली ट्रॉलीत उभ्या आणि मी बॉनेटवर, पाटावर. गुलाल इतका उधळला की माझा रंगच बदलला. शाळेच्या पटांगणात मांडव होता. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब म्हणजे गावातलं मोठं माणूस, शाळेसाठी स्वतःची जमीन दिलेलं. त्यांनी मुलींना नारळ दिले आणि मला हार घातला. मी फुगलो होतो, आणि तो काही पंपानं नव्हे.

आमच्या भागात एक सवय आहे. साखर कारखान्याच्या सभांना बसून बसून माणसांना ठरावाची गोडी लागली आहे. आनंद झाला की ठराव, दुःख झालं की ठराव. आबासाहेबांनी तिथंच ठराव मांडला की सदर चेंडू हा गावाचे भूषण असल्याने तो कायमस्वरूपी जतन करण्यात यावा, व खंडेनवमीची पूजा वगळता समितीच्या ठरावाशिवाय बाहेर काढण्यात येऊ नये. सगळ्यांनी हात वर केले. मिसाळ सरांनीही केला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते तर मीही वर केला असता, इतका मी त्या वेळी मूर्ख होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या काचेच्या कपाटात लाल कापडावर मला बसवलं. शेजारी जिंकलेला कप आणि रंग उडालेला पृथ्वीचा गोल होता. म्हस्कू शिपायानं कुलूप लावलं आणि किल्ली आबासाहेबांच्या घरी नेऊन दिली. पहिले आठ दिवस मला फार बरं वाटलं. येणारा पाहुणा मला बघायचा, आबासाहेब सगळी कथा सांगायचे, आणि दर वेळी आमच्या गोलांची संख्या एकानं वाढायची.

नवव्या दिवशी खेळाच्या तासाची घंटा झाली आणि मला समजलं की मी आत आहे.

कपाटासमोर खिडकी होती. तिच्यातून मैदानाचा एक तुकडा दिसायचा. त्या तुकड्यात मुली आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या, कारण माझ्याशिवाय त्यांच्याकडे दुसरा चेंडू नव्हता. सरांनी समितीकडे नवा चेंडू मागितला. उत्तर आलं, एक आहे की कपाटात, दुसरा कशाला? सरांनी निमगावच्या बाजारातून एक रबरी चेंडू आणला, तो दुसऱ्याच दिवशी बाभळीच्या काट्यावर गेला. शेवटी मुलींनी चिंध्या आणि पाचट सुतळीनं आवळून एक गोळा केला. तो उसळायचा नाही, घरंगळायचा नाही, धप्पकन पडायचा. मला त्या गोळ्याचा एवढा हेवा वाटला की काय सांगू! तो मळत होता, भिजत होता, लाथा खात होता. मी लाल कापडावर बसून होतो.

कोंडलेल्या जागेत दिवस मोजायलाही काही नसतं. सकाळचं ऊन काचेतून आत यायचं आणि माझ्या एकाच बाजूवर पडायचं. ती बाजू आधी फिकी झाली, मग कडक, मग तिला बारीक भेगा पडल्या. आतली हवा रोज थोडी थोडी कमी व्हायची. बाहेर वारा सुटलेला दिसायचा, लिंब हलायचा, पण आतलं पानही हलत नसे, कारण आत पान नव्हतंच. म्हस्कू काच बाहेरून पुसायचा. आतली धूळ त्याच्या हाती नव्हती. मला ओरडावंसं वाटायचं, पण चेंडूचा आवाज लाथ बसली तरच निघतो.

त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा त्या मैदानाच्या तुकड्यात नकोशी दिसेनाशी झाली. बाकीच्या मुली यायच्या, ती नाही.

कारण मला मिसाळ सरांच्या बोलण्यातून कळलं. ते तिच्या घरी जाऊन आले होते आणि ऑफिसात बसून म्हस्कूला सांगत होते. सारजाबाई म्हणाल्या होत्या की आता पोरीचं नाव झालं आहे, चार गावांत लोक ओळखतात, मग तिला जपायला नको का? आता तिनं मैदानात धावणं बरं दिसत नाही. पाय मोडला, तोंड रापलं, कोणी काही बोललं, तर झालेलं नाव जाईल. म्हणून शाळेतून सरळ घरी. जोतीरामनंही मान हलवली होती. राग कोणाचाच नव्हता, कौतुकच होतं. मी कपाटात बसून ऐकत होतो आणि मला वाटलं, हे मी कुठंतरी आधी ऐकलेलं आहे.

ऑगस्टमध्ये सरांना पुण्याहून पत्र आलं. राज्याच्या मुलींच्या संघाची निवड दिवाळीच्या आधी होणार होती, आणि त्यातून चांगल्या मुली देशाच्या शिबिरासाठी बोलावल्या जाणार होत्या. नकोशीला चाचणीला बोलावलं होतं. सरांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि कागद घेऊन अर्ज लिहायला बसले.

अर्ज आबासाहेबांनी नाकारला नाही. ते म्हणाले, ठराव समितीनं केला आहे, तर समितीच तो मोडेल, सभा बोलावू. सभा बोलावली त्या दिवशी नेमकं कालव्याला पाणी सुटलं. उसाला पाणी देण्याची पाळी चुकवून चेंडूसाठी कोण येणार? नऊपैकी दोघे आले आणि चहा पिऊन गेले. पुढच्या सभेलाही तेच झालं. सप्टेंबर असाच संपला.

एका दुपारी नकोशी ऑफिसात आली. हजेरीपट घ्यायच्या निमित्तानं आली होती. कपाटापुढं ती उभी राहिली. किती महिन्यांनी मी तिला एवढ्या जवळून पाहत होतो! तिनं काचेला कपाळ टेकवलं. तिच्या श्वासानं काच धुरकटली आणि मला ती दिसेनाशी झाली. म्हस्कू दारात झाडू घेऊन उभा होता. त्याला ती म्हणाली, "काका, घरी गोठ्याच्या भिंतीवर चिंध्यांचा गोळा मारते मी. आय रानात गेली की. पर त्यो उसळतच न्हाय. उसळलेला चेंडू कसा थांबवायचा, माजा पायच इसरलाय."

म्हस्कूनं हातातला झाडू भिंतीला टेकवला. किल्ली त्याच्याकडे असती तर त्यानं नोकरीची पर्वा केली नसती, असं मला त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं. नकोशी हजेरीपट घेऊन वर्गात गेली.

मग खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे की त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि अवजार चालवत नाहीत. आमच्या गावात शाळेतही पूजा असते. ज्यानं त्यानं आपलं अवजार आणून मांडायचं. आबासाहेब स्वतः किल्ली घेऊन आले. पूजेसाठी मला बाहेर काढायचं, असं ठरावातच लिहिलेलं होतं. नऊ महिन्यांनी मला बाहेरचा वारा लागला, पण दहा पावलांपुरताच. मला मधल्या पाटावर बसवलं. भोवती नांगराचे फाळ, कोयते, शिवणयंत्र, मिसाळ सरांची शिट्टी, सगळं मांडलेलं.

बायका कुंकू लावत पुढं सरकत होत्या. सारजाबाईंची पाळी आली. त्यांनी फाळाला लावलं, कोयत्यांना लावलं, आपल्या खुरप्याला लावलं. माझ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला. माझी भेगाळलेली बाजू त्या बघत राहिल्या. त्यांनी एक बोट माझ्यावर दाबलं. मी खळगा पडून तसाच राहिलो.

"आबासाहेब," त्या म्हणाल्या, "एक इचारू का?"

"इचारा की."

"आजची पूजा राबल्याल्या वस्तूची आसती. हे माजं खुरपं बगा, झिजून बोटायेवढं ऱ्हायलंय. म्हून त्येला कुकू लावायचं. ह्या चेंडवानं वरीसभर काय केलं?"

आबासाहेबांनी टोपी सारखी केली. "सारजाबाई, त्यो गावाचा मान हाय. आमी त्येला जपलाय. ठराव हाय तसा."

"जपलाय म्हनूनच त्येची ही दशा झाली," सारजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुमाला तरी कशाला बोल लावू? तुमी ठराव करून ठिवला, मी बिनठरावाची माजी पोर ठिवली. घरात आशीच सुकत चालली हाय ती. मला वाटायचं, जपतिया मी."

मागं मुलींच्या रांगेत नकोशी उभी होती. तिनं मान खाली घातली. मला कुंकू न लावताच सारजाबाई पुढं गेल्या.

आबासाहेबांनी माझ्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी मांडवात नजर फिरवून समितीची माणसं मोजली. नऊपैकी सात हजर होती, त्या दिवशी कालव्याला पाणी नव्हतं. ते म्हणाले, सभा झाली असं समजा, हात वर करा. सात हात वर गेले. मिसाळ सर समितीवर नव्हते, तरी त्यांनीही केला. म्हस्कू मला उचलून मुलींकडे द्यायला निघाला तेव्हा आबासाहेबांनीच त्याला अडवलं. आज अवजार चालवायचं नाही, दसऱ्यानंतर द्या, असं ते म्हणाले. म्हणजे आणखी दोन दिवस! पण त्या दोन रात्री कपाटाला कुलूप नव्हतं.

चाचणीला तेरा दिवस उरले होते. सरांनी माझ्यात हवा भरली, भेगांना तेल चोळलं, उसवलेली शिवण टाक्यांनी बांधली. मी पूर्वीसारखा राहिलेलो नाही हे आम्हा दोघांनाही समजत होतं. एका बाजूला मी कडक होतो, म्हणून उसळताना भलतीकडेच जायचो. पहिल्या दिवशी नकोशी मला एकदाही थांबवू शकली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझी लाज वाटली. पण सर म्हणाले, असला वेडावाकडा चेंडू थांबवायला शिकलीस तर पुण्याचा सरळ चेंडू तुला सोपाच जाईल. सातव्या दिवशी तिचा पाय जुन्यासारखा चालू लागला. बांधावर सारजाबाई उभ्या राहून बघायच्या.

बाराव्या दिवशी संध्याकाळी तिनं मला दूरवरून मारलं. मी हवेत असतानाच कडक बाजूची शिवण गेली. मी फुटलो, मित्रांनो. आवाज मोठा झाला. उन्हानं आणि काचेनं ज्या जागी मला वाळवलं होतं, त्याच जागी मी फाटलो. नकोशी धावत आली आणि मला मांडीवर घेऊन मुरमातच बसली. मला दुखलं का, म्हणाल तर दुखलं. पण कपाटातल्या एका दिवसाइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती सरांबरोबर पुण्याला गेली. राज्याच्या संघात तिची निवड झाली, राखीव खेळाडू म्हणून. पुढच्या वर्षी ती राखीव राहिली नाही, आणि त्या वर्षाच्या शेवटी देशाच्या मुलींच्या शिबिराचं पत्र चिंचमळ्याच्या शाळेत आलं. मिसाळ सर ते वाचताना मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला.

गाव पुन्हा गोळा झालं. आनंद खरा होता, त्यात मी खोट काढणार नाही. त्या आनंदात आबासाहेब उठले आणि म्हणाले की ह्याच चेंडूवर पोर घडली, फुटका असला तरी त्याला भुसा भरून पुन्हा कपाटात ठेवू, शेजारी नकोशीचा फोटो लावू. सूचक उभा राहिला, अनुमोदक उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. माणसं वाईट नव्हती. त्यांना प्रेम दाखवायची दुसरी रीतच माहीत नव्हती.

हात वर जाणार एवढ्यात नकोशी बोलली. ती आता सतरा वर्षांची होती.

"आबासाहेब, चेंडू ठिवायचा आसंल तर आदी मला ठिवा त्या कपाटात. नाव तर माजंच झालंय न्हवं?"

आबासाहेबांनी वर केलेला स्वतःचा हात हळूच खाली घेतला. मग एकेक करून सगळेच हात खाली आले. आमच्या गावच्या इतिहासात सर्वानुमते पडलेला तो पहिलाच ठराव असावा.

माझ्यात भुसा मात्र भरला. आता मी शाळेच्या मैदानात गोलाची एक खूण म्हणून बसतो. पलीकडच्या बाजूला दगड आहे. समितीनं मुलींना सहा नवे चेंडू दिले आणि कपाटाचं कुलूप म्हस्कूनं सायकलला लावलं. रोज कोणीतरी नेम चुकून मला चेंडू मारतं, आणि मग एखादी छोटी मुलगी येऊन मला पायानं पुन्हा जागेवर सरकवते.

मित्रांनो, तुमच्याही घरात जपून ठेवलेलं काहीतरी असेल. चेंडू असेल, सायकल असेल, बहीण असेल. मळेल, मोडेल, कोणी काही बोलेल म्हणून आत ठेवलेलं असेल. माझी एवढीच विनंती आहे की आज घरी गेलात की दार उघडा आणि आधी बहिणीला विचारा, बाहेर येतेस का?